अकरा सेकंद

२०२० चा उन्हाळा. हिंजवडीचं ऑफिस बंद, मी लॅपटॉप घेऊन शाहूपुरीत. वरच्या मजल्यावर काका. ते एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी शिकवतात. पोरं गावाकडं गेलेली, त्यामुळं काकांची लेक्चरं रेकॉर्ड करून पाठवायचं काम माझ्याकडं आलं. स्टेशन जवळ असूनही रेल्वे बंद होती, त्यामुळं भोंग्याचा त्रास नव्हता. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या सांभाळायच्या.

पहिलं लेक्चर ५२ मिनिटांचं, फाईल सव्वा जीबीची. चंदगडकडच्या पोराचा दिवसाचा डेटा एवढ्यातच संपला असता. स्लाईड फारशा हलत नाहीत, म्हणून मी फ्रेम रेट कमी केला, रिझोल्यूशन उतरवलं, फक्त आवाज स्वच्छ ठेवला. मग एक स्क्रिप्ट लिहून मधल्या सगळ्या शांत जागा कापल्या. ५२ ची ४३ मिनिटं झाली! मी खूश.

काकांनी बघितलं आणि म्हणाले, "लेका, मी थांबलेलो ते कुठं गेलं?"

विषय रेडियल नर्व्हचा होता. दंडाचं हाड मधोमध मोडलं की हाडाला चिकटून जाणारी ही नस दुखावते आणि मनगट लोंबतं. पण कोपर बहुतेक वेळा सरळ करता येतं. का? एवढं विचारून काका थांबले होते. मूळ फाईलमध्ये मोजलं: अकरा सेकंद. उत्तर असं, की कोपर सरळ करणाऱ्या ट्रायसेप्सच्या फांद्या आधीच, वरच्या बाजूला फुटलेल्या असतात.

"त्या वेळात पोरं स्वतःचा हात बघतात," काका म्हणाले, "आणि मी त्यांची तोंडं बघतो. कुणाला कळलं नाही, ते तिथंच कळतं."

शांतता मी परत जोडली. तोंडं कुठून आणणार? मग प्रश्नाची स्लाईड टाकली: 'व्हिडिओ थांबवा, उत्तर पाठवा.' रात्री काकांच्या व्हॉट्सॲपवर उत्तरं यायची. पुढचं लेक्चर त्यातल्या एखाद्या चुकीच्या उत्तरानं सुरू व्हायचं, नाव न घेता.

तरीही नस बोटाला कशी लागते, ते माझ्या फाईलमध्ये मावलं नाही. तेव्हा नव्या असलेल्या २०१९ च्या नियमांनुसार निव्वळ लेक्चरला एक तृतीयांशच वेळ होता; बाकीचा प्रात्यक्षिकं, रुग्ण आणि चर्चेसाठी. मी जे काही पाठवत होतो, ते त्या एका हिश्श्यातलंच.

आता काका रेकॉर्डिंग आदल्या दिवशी पाठवतात आणि वर्गात नुसते प्रश्न विचारतात. माझी स्क्रिप्ट पडून आहे. हल्ली टीमच्या कॉलवर मी काही विचारलं आणि कुणीच बोललं नाही, तर लगेच पुढं जात नाही. मनात अकरापर्यंत मोजतो.