उंच बॉनेटची जीप

मानोऱ्यात जुनी अमेरिकन गाडी परवडेल अशी घ्यायची, तर ती जीपच. मूळ विलीज कंपनीची, महिंद्राने भारतात जोडलेली.

माझी सीजे थ्री बी. अमेरिकेत हे मॉडेल 1953 चं. हरिकेन इंजिनाचे आत घेणारे व्हॉल्व वरच्या हेडमध्ये आले, इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उंच. दिसायला थोडी बेंगरूळच, पण मला आवडते बुवा!

गाडी पडली नव्वद हजारांना. वर खर्चायला चाळीस, बस्स. भाचा म्हणतो, "मामा, पेट्रोल इंजिन शोधा, ओरिजिनल करा." कारण आधीच्या मालकाने त्यात डिझेल इंजिन टाकलंय. पण त्या डिझेलमुळेच ती भंगारात गेली नाही ना रे! राहू दे.

घेण्याआधी मी रंग नाही, आरसी बुक पाहिलं. इंजिन बदललं की 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्याची नोंद लागते. सुदैवाने इंजिन नंबर जुळला.

पैसा आधी ब्रेकला. चारही चाकांना ड्रम. लायनर, व्हील सिलिंडर, पाइप सगळं नवं. पूर्वी फक्त शेतमाल वाहिला असेल तिने, आता मागे आई बसणार, पोहरादेवीला जायचंय. मग टायर. मग वायरिंग, कारण जुन्या तारांचं आवरण बोटाने चुरा होत होतं. मिस्त्री मॅग व्हीलचा आग्रह करत होता... असो.

चार हजार उरलेत. छताची ताडपत्री की मऊ सीट, ते आई ठरवेल.