अर्धापूरच्या मामांना पत्र

लातूर

ती. मामांना,


पाय सुजले म्हणून तुम्ही बीपीची गोळी परस्पर बंद केली, हे मामींकडून कळलं आणि जिवाला घोर लागला. बीपी दुखत-खुपत नाही. त्यामुळे गोळी सोडल्यावर चार दिवस उलट बरंच वाटतं. औषधाच्या दुकानात बसून हे मी नेहमी बघते.

तुमची गोळी अम्लोडिपिनची. ती बारीक रक्तवाहिन्या सैल करते. त्यातून पाणी झिरपतं आणि दिवसभर बागेत उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याशी साचतं. म्हणूनच लघवीच्या गोळीनं ही सूज फारशी उतरत नाही. डॉक्टरांनी दहाची पाच केली किंवा जोडीला टेल्मिसार्टन दिलं, तर बहुतेकदा उतरते. मात्र दम लागत असेल किंवा एकच पाय सुजला असेल, तर कारण वेगळं असू शकतं; त्याच दिवशी दाखवा. आणि मामींची अटेनोलॉल तुमचं बघून एकाएकी थांबवू नका. त्यानं छातीत दुखण्यापर्यंत वेळ येते.

टेल्मिसार्टन सुरू झालंच तर केळ्यांचं विचारा. एरवी केळ्यातलं पोटॅशियम बीपीला चांगलं. पण ही गोळी पोटॅशियम शरीरात धरून ठेवते. मूत्रपिंड अशक्त असेल तर ते रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. अर्धापुरात राहून, स्वतःची बाग असून केळी सोडा असं मी कशी म्हणेन? आधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासा, मग ठरवा. बीपीवाल्यांसाठी म्हणून मिळणारं कमी सोडियमचं मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यातही पोटॅशियमच असतं.

बीपीसाठी क्लोर्थॅलिडोन ही लघवीची गोळी दिली तर उन्हाळ्यात जपा. घामानं आणि लघवीनं पाणी-क्षार जातात, उठताना भोवळ येते.

मला खरी धास्ती आहे ती कंबरदुखीसाठी तुम्ही मनानं घेता त्या डायक्लोफिनॅकच्या गोळीची. ती बीपी वाढवते. टेल्मिसार्टन आणि लघवीच्या गोळीसोबत तर मूत्रपिंडालाच धक्का देते. डॉक्टरांना तुम्ही तिचं नावही सांगितलं नसणार.

उद्याच सगळी पाकिटं, कंबरेचीसुद्धा, एका पिशवीत घालून ग्रामीण रुग्णालयात जा. गोळी किती दिवस बंद होती तेही सांगा. तिथं मोजलेलं बीपी वहीत लिहून आणा, मी रात्री फोन करते.

तुमची भाची