शाळेंतील छळ आणि वडील माणसांचें मौन

महाभारताच्या आदिपर्वांत एक प्रसंग आहे. मोठ्या घटनांच्या गर्दींत तिकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. बालपणीं भीमसेन कौरवांना केंस धरून फरफटवी, पोहतांना दहा दहा जणांना कवटाळून पाण्याखालीं दाबून धरी, आणि फळें काढण्यास तीं मुलें झाडावर चढलीं कीं बुंध्यास लाथ मारून फळांसह त्यांना खालीं पाडी. भीमाच्या मनांत द्वेष नव्हता, बालबुद्धीच होती, असें व्यासांनीं स्पष्ट सांगितलें आहे. परंतु दुर्योधनाच्या मनांत वैराचें बीं रुजलें तें येथेंच. पुढें त्यानें भीमास विष घालून गंगेंत लोटलें. भीम दिसेनासा झाल्यावर कुंतीनें आपली शंका बोलून दाखविली, तेव्हां विदुरासारख्या ज्ञात्यानेंहि, उरलेल्या मुलांना जप आणि याची वाच्यता करूं नको, असाच सल्ला दिला. हस्तिनापुरांत वडील माणसांची वानवा नव्हती. मुलांच्या भांडणांत वेळींच पडावें असें मात्र कोणास वाटलें नाहीं.

आमचें उभें आयुष्य नगर जिल्ह्यांतील शाळांत गेलें. तेथें आम्हीं जो छळ पाहिला तो बहुधा आवाज न करणारा होता. कोणाचें व्यंग हेरून टोपणनांव पाडावें, डबा पळवावा, वही विहिरींत टाकावी, असे ते प्रकार. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडणीस गेलेलीं मुलें उन्हाळ्याच्या तोंडीं परत येत, तेव्हां बुडालेले धडे आणि अंगावरचे कपडे या दोहोंवरून त्यांची टवाळी होई. तीं तक्रार करीत नसत. एके दिवशीं त्यांतलें एखादें मूल यावयाचें थांबे, आणि हजेरीपटावर गैरहजेरीची खूण तेवढी उरे. आपल्या मुलास मारलें म्हणून तावातावानें येणारे पालक आम्हीं पुष्कळ पाहिले. आमच्या मुलानें दुसऱ्यास छळलें, आतां काय करावें, असें विचारावयास आलेले बोटांवर मोजण्याइतकेच.

कायदा मुळींच नाहीं असें नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें मुलास शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास बंदी केली. परंतु ती मोडणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणें कारवाई व्हावी, असें तें कलम म्हणतें. म्हणजे मास्तरांची छडी गेली. मागच्या बाकावरील दांडगट मुलाचा हात मोकळाच राहिला. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगबंदी कायदा याहून व्यापक आहे. चिडविणें, धमकावणें, लाज अथवा भय उत्पन्न करणें हें सारें त्याच्या व्याख्येंत येतें, आणि शिक्षणसंस्था या शब्दांत केवळ महाविद्यालयेंच येत नाहींत. तक्रार आल्यापासून सात दिवसांत प्रमुखानें चौकशी करावी, हयगय केल्यास त्यानें गुन्ह्यास साहाय्य केलें असें समजावें, असेंहि त्यांत आहे. तरीहि रॅगिंग म्हणजे वसतिगृहांतील थोर मुलांचा प्रकार, ही समजूत दृढ झाल्यामुळें शाळांत त्याचें नांव क्वचितच निघतें. शिवाय दोन वर्षांपर्यंत कैद सांगणारा कायदा दहा वर्षांच्या मुलास लावावयाचा कसा?

मौनाची किंमत आमच्या जिल्ह्यानें पाहिली आहे. २८ एप्रिल २०१४ रोजीं जामखेड तालुक्यांतील खर्डा येथें दलित कुटुंबांतील सतरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याचा मृत्यु झाला. सवर्ण मुलीशीं बोलल्याच्या रागानें त्यास शाळेच्या आवारांत मारहाण झाली व पुढें ठार करण्यांत आलें, असा सरकारपक्षाचा आरोप होता. नोव्हेंबर २०१७ मध्यें न्यायालयानें सर्व आरोपींस निर्दोष सोडलें. पुष्कळ साक्षीदार फितूर झाले होते, आणि त्यांत शाळेंतील मंडळीहि होती. हें प्रकरण मुलांच्या दांडगाईहून सर्वथैव निराळें व भयंकर आहे, हें आम्ही जाणतों. पण एवढ्या मोठ्या आरोपांतहि शाळेंतील माणसें आपल्या शब्दावर टिकत नसतील, तर डबा पळविल्याची तक्रार चिमुकल्यानें कोणाजवळ करावी?

जपानांत २०११ सालीं ओत्सु शहरांतील तेरा वर्षांच्या एका मुलानें सहाध्यायांच्या छळानंतर जीव दिला. पुढें २०१३ मध्यें तेथें खास कायदा झाला. प्रत्येक शाळेनें या छळाविषयीं आपलें धोरण लिहून ठेवावें व त्यासाठीं कायमचें मंडळ नेमावें, असें बंधन त्यानें घातलें. मुलास शिक्षा देण्यापेक्षां वडील माणसांस कर्तव्य नेमून देण्यावर त्याचा भर आहे.

आमच्या मतें आपणहि हाच मार्ग धरावा. सात दिवसांची मुदत शाळांस स्पष्ट शब्दांत लागू करावी. लहान मुलाच्या मागें कैदेची भीति नको. तक्रार वहींत नोंदवावी, दोन्ही मुलांच्या घरीं कळवावें, पुढें काय केलें तें मुख्याध्यापकानें सहीनिशीं लिहावें, आणि खरें सांगणाऱ्या शिक्षकास संस्थेच्या रोषापासून संरक्षण असावें. बदलापूरच्या प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ मध्यें राज्यशासनानें शाळांतून तक्रारपेटी ठेवण्यावर पुन्हां भर दिला, हें योग्यच झालें. पण ती पेटी कोण उघडणार हें चिठ्ठी टाकणाऱ्या मुलास ठाऊक असलें पाहिजे.

कायदा शाळेच्या फाटकापर्यंत पोंचेल, माजघरांत येणार नाहीं. थोरला चुलतभाऊ धाकट्याचें खेळणें हिसकावून घेतो, तेव्हां ‘मुलेंच तीं’ म्हणून आपण हंसतों. रात्रीं पंगतीस बसल्यावर ‘आज तुला कोणी मारलें का?’ असें आपण विचारतोंच. त्यापाठोपाठ ‘तूं आज कोणाला रडविलेंस का?’ हेंहि विचारावें. उत्तर खरें आलें तर रागावूं नये. दुसऱ्या दिवशीं मुलाचा हात धरून त्या दुसऱ्या मुलाच्या घरीं जावें.