एक जोडणी, दोन संगणक

ज्या वस्तूवांचून पूर्वीं घराचें कांहीं अडत नसे, तीच एकदां घरांत आली म्हणजे तिच्यावरून कुरबुरी सुरू होतात, हा अनुभव सुज्ञ वाचकांस नवा नाहीं. नळ, विजेचा दिवा, टेलिफोन या सर्वांच्या बाबतींत हें घडून गेलें आहे. इंटरनेटचीही गोष्ट तीच. आमच्या घरीं जोडणी आली ती थोरल्या चिरंजीवाच्या संगणकाकरितां. तो हिशेबतपासनीस, जुलै महिन्यांत प्राप्तिकराच्या विवरणपत्रांपुढें त्याला मान वर करावयास फुरसत नसते. पुढें २०२४ सालीं धाकट्या सूनबाईस घरीं बसून करावयाचें भाषांतराचें काम मिळालें व दुसरा संगणक आला. जोडणी मात्र एकच, आणि मोडेमला तार अडकविण्याची जागाही एकच! थोरला रात्रीं अकरा वाजतां उठला म्हणजे तार काढून सूनबाईच्या यंत्रास लावावयाची व पहांटे पुन्हां जागच्या जागीं ठेवावयाची, असा क्रम चार महिने चालला. सूनबाईनें ब्र काढला नाहीं. परंतु कोणाचें काम खरें व कोणाचें फावल्या वेळचें, हें एका तारेनें ठरवावें, ही गोष्ट आम्हांस रुचेना.

स्वतंत्र जोडणी घ्यावी असें धाकट्या चिरंजीवानें सुचविलें. त्यावर आमचें कुटुंब म्हणालें, "आज तार वेगळी, उद्यां चूल वेगळी." शेजाऱ्यांनीं एका तारेचे अनेक फांटे करणारी एक स्वस्त पेटी आणून दिली, तिला स्विच म्हणतात. ती लावली तरी एक संगणक चाले व दुसरा मुका बसे. याचें कारण सूनबाईनेंच माहितीपत्रकें वाचून शोधून काढलें व आम्हांस समजावून दिलें. सारा जन्म शिकविण्यांत घालविलेल्या मनुष्यास शिष्य होण्याचा हा योग सुखाचा वाटला.

इंटरनेटवर प्रत्येक यंत्रास अंकांचा पत्ता लागतो. १९८१ सालीं ठरलेल्या रचनेंत एकंदर पत्ते ४,२९,४९,६७,२९६ इतकेच होतात. जगाच्या लोकसंख्येपेक्षांही ही संख्या कमी! मध्यवर्ती साठ्यांतील शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजीं वांटून संपले. म्हणून आमच्यासारख्या घरास बहुधा एकच पत्ता मिळतो. स्विच तारेची सोय करतो. पत्ता त्याला वांटतां येत नाहीं.

तें काम राउटर नांवाची पेटी करते. बाहेरून आलेला पत्ता ती स्वतः घेते आणि आंतील संगणकांस घरापुरते पत्ते देते. हे पुष्कळदां १९२.१६८ या अंकांनीं सुरू होतात. १९९६ सालापासून ते खासगी उपयोगाकरितां राखून ठेवलेले असल्यामुळें आमच्या व शेजाऱ्यांच्या घरीं तेच अंक असले तरी घोटाळा होत नाहीं. आंतून मागणी निघाली कीं पेटी तिच्यावर आपला पत्ता घालते, ती कोणाची याची नोंद ठेवते आणि उत्तर आलें म्हणजे ज्याचें त्याला पोंचवते.

हें ऐकून आम्हांस व्याकरणांतील एकशेष आठवला. 'पितरौ' म्हटलें म्हणजे माता व पिता दोघेंही समजावयाचीं; पण शब्दांत पिता तेवढा उरतो, माता लोपते. कुटुंबांतही असेंच होतें. दारावर नांव एकाचें, आणि त्याखालीं कष्टणारीं इतर माणसें झांकून जातात. राउटर बाहेर एकच नांव सांगतो खरा. परंतु आंतील कोणासही विसरत नाहीं. थोरल्याचें विवरणपत्र आणि सूनबाईचा शब्दकोश त्याला सारखेच.

मांडणी अगदीं सोपी आहे. मोडेमची तार राउटरच्या निराळ्या रंगाच्या खांचेंत घालावी व दोन्हीं संगणक उरलेल्या खांचांस जोडावे. तार शंभर मीटरपर्यंत चालते. बिनतारी सोय बहुतेक पेट्यांत असतेच. जोडणी देणाऱ्यानें नांव व परवलीचा शब्द दिला असल्यास तो आतां संगणकांत न घालतां राउटरांत घालावा. कांहीं ठिकाणीं पूर्वीं जोडलेल्या यंत्राची खूण लक्षांत राहिलेली असते. म्हणून मोडेम थोडा वेळ बंद ठेवून प्रथम तो, मग राउटर व शेवटीं संगणक सुरू करावे.

राहिला प्रश्न किल्लीचा. पेटीबरोबर आलेला परवलीचा शब्द लगेच बदलावा हें खरेंच. पण नवा शब्द कोणाजवळ असावा? आमच्या एका स्नेह्यांचें मत असें कीं तो वडीलधाऱ्यांनींच ठेवावा, म्हणजे घरांत वचक राहतो. आम्हांस तें पटत नाहीं. पेटी बिघडली तर वचक काय कामाचा? आमच्या घरीं तो शब्द सूनबाईनें ठरविला व वहींत लिहून ठेवला. थोरल्याचें कांहीं अडलें तर तो तिलाच विचारतो. ज्यांच्या घरीं एका तारेवरून ओढाताण चालू असेल त्यांनीं दुसऱ्या जोडणीच्या खर्चांत पडण्यापूर्वीं हा उपाय करून पाहावा, आणि पेटीची किल्ली वयाकडे न पाहतां जाणत्या हातीं द्यावी.