समुद्राकडे पाठ

आमचं आजोळ नागावचं, अलिबागजवळचं. समुद्र घरापासून पाच मिनिटांवर, पण घरातून दिसायचा नाही. रात्री भरतीच्या वेळी नुसता ऐकू यायचा. मधे अख्खी वाडी उभी: आधी पोफळी, मग माड, शेवटी सुरू. दार रस्त्याच्या बाजूला आणि समुद्राकडे घराची पाठ. ‘सी व्ह्यू’ म्हणजे काय ते आजीला समजावलं असतं, तर खारा वारा घरात घेऊन करायचंय काय, असं तिनं विचारलं असतं.

परवा त्याच किनाऱ्यावरच्या एका व्हिलात दोन दिवस राहून आले. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून गाडीसकट बोटीनं जाता येतं, त्यामुळे मुंबईकरांना अलिबाग आता अंगणातलंच. दिवाणखान्याची पश्चिमेची भिंत सबंध काचेची. डोक्यावर कोळ्यांच्या जाळ्यात गुंफलेले काचेचे गोळे आणि त्यांत दिवे. जात्यावर काच ठेवून केलेलं टेबल. कोपऱ्यात विहिरीचा रहाट, पॉलिश करून उभा केलेला. यजमानीणबाई कौतुकानं म्हणाल्या, “सगळी प्रेरणा इथल्याच परिसरातली हं!” मी मान डोलावली. रहाटाला हात लावून पाहिला, फिरत नव्हता.

आजोळच्या घरालाही परिसरच लागला होता, पण तो शोभेला नव्हे. जोतं काळ्या दगडाचं, भिंती मातीच्या. कौलांखालच्या रिपा पोफळीच्या. पोफळ उभी चिरून पोखरली की तिचीच पन्हळ व्हायची आणि विहिरीचं पाणी आळ्यांपर्यंत जायचं. सारवलेल्या जमिनीवर उन्हाळ्यात उघड्या अंगानं लोळलं की पाठ गार व्हायची. मे अखेरीला पडवीची पावसाची बाजू झावळ्यांच्या झापांनी बंद व्हायची. मामा झाप बांधायचा आणि आम्ही पोरं सुंभ हातात द्यायचो. त्या झापांमागे चार महिने ओल्या झावळीचा आणि चुलीच्या धुराचा वास कोंडलेला असे. माजघर तर भर दुपारीही अंधारं. आजीचं अर्धं आयुष्य त्या अंधारात आणि धुरात गेलं, हेही सांगायला हवं. काचेच्या भिंतीतून येणारा उजेड तिला नक्की आवडला असता.

पैसा आला की घर बिघडतंच, असंही नाही. मुरुडच्या बाजूला नांदगावला बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईनं २००७ मध्ये पूर्ण केलेलं ‘पामायरा हाउस’ पाहा. मी फोटोंतच पाहिलंय. नारळाच्या वाडीत दोन लांबट लाकडी इमारती आणि बाहेरून ताडाच्या लाकडाच्या आडव्या पट्ट्या. त्यांच्या फटींतून वारा आणि उजेड गाळून आत येतो. विहिरींचं पाणी उंच टाकीत चढवून उताराच्या जोरावर घरात उतरवलंय. चैनीचंच घर आहे ते, पण माडांच्या आड उभं आहे. आमच्या आजीला ते ओळखीचं वाटलं असतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, तेव्हा या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या झाल्या. आमचे जुने माड त्यातच गेले. घर त्याआधीच विकलं होतं.

निघताना व्हिलाच्या राखणदाराला विचारलं, पावसात या काचेचं काय करता? त्यानं गॅरेजमधली निळ्या ताडपत्रीची गुंडाळी दाखवली. जून ते सप्टेंबर ती काचेवर बाहेरून बांधायची. मालक तेव्हा येतच नाहीत.

“झाप का नाही बांधत?”

तो हसला. “बाय, झाप विनतो कोन आता?”