दोनशे सत्तर तोळे

भारतातून पाहुणे आले की आम्ही लंडनकर त्यांना बकिंगहॅम पॅलेस, मादाम तुसाँ, विंडसर असा ठरलेला फेरफटका घडवतो. या वेळी सोलापूरहून आलेल्या आईंना मात्र वॉटर्लूहून गाडीत बसवून थेट ट्विकनहॅमच्या रग्बी म्युझियममध्ये नेले. हट्ट अर्थातच चिरंजीवांचा! इंग्लंडने २०२५ मध्ये स्कॉटलंडला १६-१५ असे हरवून कलकत्ता कप परत मिळवला होता ना!

चांदीचा कप, मुठींच्या जागी तीन नाग, झाकणावर हत्ती. आई म्हणाल्या, "अगंबाई, हा तर आपल्याकडचा दिसतोय!" आहेच. कलकत्त्यातल्या गोऱ्या साहेबांनी १८७३ मध्ये रग्बीचा क्लब काढला. पुढे सभासद पांगले (फुकटची दारू बंद झाली, हेही एक कारण सांगतात!). तेव्हा बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, २७० रुपये वितळवून हा कप घडवला आणि १८७८ मध्ये इथल्या रग्बी युनियनला दिला. १८७९ पासून इंग्लंड-स्कॉटलंड त्यासाठी झुंजताहेत.

"रुपया म्हणजे तोळाभर चांदी. दोनशे सत्तर तोळे झाले की!" आईंनी हिशेब केला. मग जरा थांबून, "साल कुठलं म्हणालात?"

१८७६ ते ७८, आपल्याकडच्या मोठ्या दुष्काळाची वर्षे. पणजीने पैंजण मोडून ज्वारी आणल्याची गोष्ट आईंच्या माहेरी अजून निघते.

चिरंजीव पांढरी जर्सी घालून फोटोला उभे. "आजी, तू कुणाकडून? इंग्लंड की स्कॉटलंड?"

आई काही बोलल्या नाहीत. फोटोत हत्ती नीट येऊ दे, एवढेच बजावले.