तुकडेबंदी

2014च्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरच्या लॅपटॉपवर उबुंटू टाकायला बसलो आणि अण्णांची सात वर्षांची टिपणं पुसून टाकली. ‘पुसली’ हा शब्द तांत्रिकदृष्ट्या बरोबर नाही, हे पुढच्या चार दिवसांत कळलं. त्या रात्री मात्र दुसरा शब्द सुचत नव्हता.

अण्णा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यांना नाद शेतांची नावं गोळा करायचा. सातबाऱ्यावर शेताला गट नंबर असतो. 1947चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला, पुढे एकत्रीकरण झालं तिथं जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. पण नांगर घेऊन निघालेला माणूस ‘गट नंबर अमुक’कडे जात नाही, तो चिंचखालीला जातो, वाघजाळीला जातो, रडक्या पट्टीला जातो. ही नावं कशी पडली, ते अण्णा रविवारी म्हाताऱ्या माणसांपाशी बसून विचारून घ्यायचे आणि रात्री शिवाजी फॉन्टमध्ये दोन बोटांनी टाइप करायचे. एका शेताची एक फाइल. सगळ्या फायली डी ड्राइव्हवर.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलसाठी लिनक्स लागायचं. लॅबमध्ये एका मशीनवर तिघं बसायचो, म्हणून घरी सराव करायचा ठरवला. विंडोजमधून सी ड्राइव्ह आक्रसून 40 जीबी जागा मोकळी केली, पेनड्राइव्ह लावला आणि इन्स्टॉलर सुरू केला. त्या मोकळ्या जागेसमोर एकच शब्द होता : ‘अनयूझेबल’. जागा आहे, पण वापरता येणार नाही.

कारण अगदी साधं होतं. त्या लॅपटॉपच्या डिस्कवर जुन्या पद्धतीचं पार्टिशन टेबल होतं. डिस्कचा पहिला सेक्टर 512 बाइटांचा. त्यातले पहिले 446 बाइट मशीन सुरू करणाऱ्या कोडसाठी, शेवटचे दोन सहीसाठी, मधले 64 वाटण्यांसाठी. एका वाटणीच्या नोंदीला 16 बाइट लागतात, म्हणजे वाटण्या चारच. ही रचना 1983च्या पीसी डॉस 2.0पासूनची, आयबीएमच्या एक्सटी संगणकात 10 एमबीची डिस्क असायची तेव्हाची. तेव्हा चार वाटण्या म्हणजे चैन होती. आमच्या लॅपटॉपवर त्या चारही कंपनीतूनच भरलेल्या होत्या : विंडोजची 100 एमबीची राखीव जागा, सी, डी आणि रिकव्हरी. पाचवी नोंद लिहायला जागाच नव्हती.

यावर उपाय असतो. चारांतली एक वाटणी मोडून तिथं ‘एक्स्टेंडेड’ करायची, मग तिच्या पोटात हव्या तितक्या ‘लॉजिकल’ वाटण्या पाडता येतात. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. रात्रीचा एक वाजला होता. समोर सी, डी अशी ओळखीची अक्षरं नव्हती. एसडीए1, एसडीए2, एसडीए3 होतं, आणि आकडेही जुळत नव्हते. विंडोज ज्याला 250 जीबी म्हणायचं, तेच इथं 268 दिसत होतं, कारण विंडोज 1024नं भागतं आणि हा इन्स्टॉलर 1000नं. मी वैतागून मागच्या पानावर गेलो आणि ‘डिस्क पुसून उबुंटू टाका’ हा पर्याय निवडला. डिस्क म्हणजे सी, अशी माझी समजूत. खाली धोक्याची सूचना होती, मी ती वाचलीही. विंडोज जाईल, जाऊ दे, डी तर वेगळा आहे, असं म्हणून बटण दाबलं.

वीस मिनिटांनी जांभळा पडदा आला. मी फाइल मॅनेजर उघडला. एकच डिस्क होती आणि ती रिकामी होती.

सकाळी अण्णा अंगणात पेपर वाचत बसले होते.

“अण्णा, डी ड्राइव्ह गेला.”

“गेला म्हणजे?”

“म्हणजे... मीच घालवला.”

“माझ्या फायली?”

मी मान हलवली. ते ओरडतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी पेपराची घडी घातली आणि म्हणाले, “बस. नक्की काय झालंय ते सांग.”

मी चार नोंदींचं सांगितलं. ते हसले. “म्हणजे तुमच्यातपण तुकडेबंदी हाय म्हण की.” मग त्यांनी विचारलं, “आता उतारा फाटला. पण रान तर तिथंच हाय ना?”

“हो.”

“आणि नव्या मालकानं नांगर घातला असंल तर?”

“जिथं नांगर फिरला, तिथलं गेलं.”

पुढं मी पुष्कळ पुस्तकं वाचली, पण डेटा रिकव्हरीची याहून नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही.

पहिलं काम म्हणजे मशीन बंद केलं, आणखी नांगर फिरू नये म्हणून. मग चुलतभावाची बाहेरची हार्ड डिस्क मागून आणली आणि पेनड्राइव्हवरूनच टेस्टडिस्क चालवलं. त्यानं जुन्या डीच्या हद्दी बरोबर शोधल्या. पण आत फायलींची यादी फुटलेली होती. नवी फाइल सिस्टिम आपल्या नोंदी एकाच कोपऱ्यात ठेवत नाही, डिस्कभर थोड्या थोड्या अंतरावर पेरते. तिनं जुन्या नोंदींवर जागोजागी पेरणी केली होती.

राहिलं फोटोरेक. ते यादीच्या नादी लागत नाही. डिस्क सेक्टरमागून सेक्टर वाचत जातं आणि फाइलची सुरुवात ओळखतं. जेपेग असेल तर एफएफ डी8, जुनी वर्डची फाइल असेल तर डी0 सीएफ 11 ई0. सापडलं की उचलून बाजूला ठेवतं. पण फाइलचं नाव त्या फुटक्या यादीत असतं, म्हणून ते परत येत नाही. रात्रभर चालल्यावर सकाळी माझ्याकडे 1,412 वर्ड फायली होत्या. प्रत्येकीचं नाव एफ आणि पुढं एक लांबलचक आकडा. शेताच्या नावाचा पुन्हा गट नंबर झाला होता.

मी एक उघडली. आत रोमन अक्षरांचा चिखल. दुसरी उघडली, तीही तशीच. सगळं सडलंय असं वाटून मी रडकुंडीला आलो. मग लक्षात आलं, शिवाजी हा युनिकोड नसलेला फॉन्ट. खाली रोमन अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. फाइल बिघडली की फक्त फॉन्ट नाही, हे बघून सांगता येत नव्हतं. स्टँडवरच्या डीटीपीच्या दुकानातून फॉन्ट आणला, टाकला आणि चिखलातून एक ओळ वर आली. अण्णा मागं उभे होते. अर्धी ओळ वाचून म्हणाले, “ही वाघजाळी.”

पुढचे तीन दिवस मी फाइल उघडत होतो आणि अण्णा नाव सांगत होते. जुन्या प्रती, शाळेचे तक्ते, कुणाकुणाचे अर्ज, सगळं त्यात मिसळलेलं. काही फायली मध्येच तुटायच्या, पुढं भलतंच काही लागायचं. मी इंजिनिअर होणार होतो आणि मला त्यातलं काहीच ओळखता येत नव्हतं. मशीननं मजकूर परत दिला. कुठला मजकूर कशाचा, हे त्या घरात एकाच माणसाला ठाऊक होतं.

नव्या मशीनवर जीपीटी असतं. 128 नोंदींची सोय असते, टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. आता नोकरीत मी दुसऱ्यांचा डेटा हलवतो. कुठलंही बटण दाबायच्या आधी ज्याचा डेटा आहे त्याला फोन करून विचारतो, यात काय आहे? सहकारी हसतात. हसू देत.

अण्णांच्या 340 नावांपैकी 291 आली. उरलेल्या 49 जणांकडे ते पुन्हा गेले, या वेळी वही घेऊन. शेताचं नाव कुणीही सांगतं, पण ते का पडलं हे सांगणारे तिघं तोवर वारले होते. त्यातलीच एक रडकी पट्टी. ती का रडकी, ते अण्णांनी एकदा लिहून ठेवलं होतं. आता त्यांनाही आठवत नाही.